दोन पाण्यांची विहीर

आमच्या घरात संशय घेणं वाईट मानत नाहीत. दुधात पाणी आहे, बियाण्यात भेसळ आहे, पाहुणा बोलला त्यापेक्षा त्याच्या पोटात वेगळंच आहे, असं आधी धरून चालायचं आणि खोटं ठरलं तर बरं वाटून घ्यायचं, ही आमची रीत. आबा, म्हणजे माझे वडील, बाजारात विकणाऱ्याने उचलून दिलेलं कलिंगड कधी घेत नाहीत. त्याच्या हाताखालचं घेतात. मीही त्यांचीच मुलगी. पुढे नोकरी लागली तीही अशी, की संशय घेण्याचाच पगार मिळतो.

मी समुद्राचं पाणी मोजते. तासगावच्या बाजूला आमचं गाव, सगळीकडे द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड. तिथे हे काम समजावून सांगणं अवघड आहे. एका म्हातारीनं मला विचारलं होतं, समुद्रात किती पाणी आहे ते मोजतेस का. किती आहे ते नाही, किती गरम, किती खारं आणि कुणीकडे चाललंय ते मोजते, असं मी सांगितलं. ती म्हणाली, समुद्राचं पाणी खारं असतं हे तर आम्हाला न मोजता माहीत आहे. आई आता पाहुण्यांना 'जहाजावर हापिसात असते' एवढंच सांगून मोकळी होते आणि पाहुणे तेही खरं धरत नाहीत.

तर आमचं जहाज आखातात फिरतं. आखात म्हणजे चहूकडून जमिनीनं कोंडलेला उथळ समुद्र, एका अरुंद तोंडानं बाहेरच्या मोठ्या समुद्राला जोडलेला. वरून ऊन मरणाचं आणि नद्या मोजक्याच. पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ मागे राहतं. जास्त खारं झालेलं पाणी जड होतं, तळाला बसतं आणि तळातळानं त्या अरुंद तोंडातून बाहेर सरकतं. त्याची जागा भरायला बाहेरचं कमी खारं, हलकं पाणी वरच्या अंगानं आत येतं. म्हणजे एकाच तोंडात एकाच वेळी वरचं पाणी आत चाललेलं आणि खालचं बाहेर. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून आणखी हलकं होतं, मग तर दोन्ही थर एकमेकांत मिसळायचं नाव घेत नाहीत. कठड्याला रेलून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला एकच निळं पाणी दिसतं.

म्हणून आम्ही ज्या बाटल्या खाली सोडतो, त्या हव्या त्या खोलीवर गेल्यावरच बंद होतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी उत्साहात बादलीनं वरचं पाणी काढून मोजायला घेतलं, तेव्हा आमचे वरिष्ठ म्हणाले होते की बादलीवरून समुद्र ओळखायचा नाही. मी मान डोलावली. असलं काही मला शिकवावं लागत नाही, असं मनात म्हटलं. कराडला इंजिनिअरिंगला असताना आम्ही संगमावर जाऊन बसायचो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात तिथे मी चप्पल काढून पाण्यात उभी राहायचे, आणि कोयनेकडच्या अंगाला पाय जास्त गार पडायचा. मैत्रिणी हसायच्या, पाणी ते पाणी म्हणायच्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि त्यातूनच पुढे या नोकरीपर्यंत आले. एवढं सगळं सांगते आहे ते एवढ्याचसाठी, की पुढे जे झालं ते न कळणाऱ्या माणसाकडून झालं नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मी रजेवर घरी आले तेव्हा खरड छाटणी होऊन वेलींना नवी फूट आली होती. बांधावर उभं राहिलं की एका बाजूला आमची बाग आणि दुसऱ्या बाजूला नानाची. नाना म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. वाटणी झाली तेव्हा जमीन मधोमध कापली, पण विहीर कापता येत नाही म्हणून दिवस कापले. एक दिवस आमची पाळी, एक दिवस नानाची. मोटारी दोघांच्या वेगळ्या. नानाची काठाच्या चौथऱ्यावर बसवलेली, तिचा पाइप पाण्यात थोडाच उतरलेला. आमची पाणबुडी, थेट तळाला.

नानाची बाग हिरवीगार होती. आमच्या पानांच्या कडा तांबूस करपलेल्या होत्या, कागदाची कड जळावी तशा. आबांनी मला घरात चहासुद्धा न घेऊ देता आधी बागेत नेलं आणि एकेक पान उलटून दाखवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विहीर एक, द्राक्षाची जात एक, छाटणी एकाच आठवड्यातली. मग फरक कुणी केला?

द्राक्षाचे सल्लागार येऊन गेले होते. त्यांनी पान चुरगाळून बघितलं आणि झाडाला मीठ लागलंय म्हणाले, पाणी तपासा म्हणाले. आबांनी एकदा नाही, तीनदा पाणी तपासून आणलं होतं. तिन्ही वेळा पाणी चांगलं निघालं. ते तिन्ही कागद त्यांनी पाकिटात जपून ठेवले होते आणि मला पुढ्यात मांडून दाखवले. मी आकडे वाचले. पाण्यात खोट नव्हती. पाणी गोड आणि झाडाला मीठ, मग मीठ आलं कुठून, यावर आबांचं उत्तर तयार होतं. ठिबकमधून खत सोडायची आमची टाकी विहिरीशेजारीच उघड्यावर असते. तिच्यात कुणीतरी काहीतरी घालतंय. आणि विहिरीवर येणारं 'कुणीतरी' आमच्याशिवाय एकच होतं.

मला तेव्हाच एक प्रश्न विचारायचा होता आणि मी तो विचारला नाही. तपासायला दिलेलं पाणी कसं भरलं, एवढंच. जहाजावर कुणी बाटली आणून दिली तर मी तिची सात पिढ्यांची चौकशी करते. घरी मात्र कागदावरचे आकडे बघून मी भाऊबंदकीत शिरले, कारण माझ्याही डोक्यात नानाविषयी जुनं काही होतं.

ते जुनं असं. त्याच्या दोन वर्षं आधी पाऊस कमी झाला आणि विहिरीचं पाणी उतरलं. तेव्हा आबांनी मला जहाजावर फोन करून विचारलं होतं. मी शिकलेली, त्यातून पाण्यातली. मी सांगितलं की तळाला उभी बोअर मारून घ्या आणि मोटार तळाला सोडा, खाली पाणी असतंच. आबांनी नानाला बोलावलं. नाना नको म्हणाला. खालचं पाणी मचूळ आहे, आपल्या बापानं विहीर तिथं थांबवली ती उगीच नाही, असं त्याचं म्हणणं. आबांनी ते मला फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघांनी मिळून त्याचा अर्थ लावला. याला आमचं बरं झालेलं बघवत नाही, असा तो अर्थ होता. आबांनी एकट्यानं बोअर मारली. पाणी भरपूर आलं. नानानं आपला पाइप होता तिथेच ठेवला आणि पुन्हा त्यावर बोलला नाही, आणि त्याचं हे गप्प बसणंही आम्ही त्याच्याविरुद्ध जमा धरलं.

असं सगळं मनात असताना मी पाळतीवर बसले. लाज वाटते, पण बसले. आमच्या पाळीच्या एका दुपारी बांधावरच्या चिंचेखाली पुस्तक घेऊन, वाचतेय असं दाखवत. उन्हं कलताना नाना आला. हातात औषध फवारणीचा पांढरा कॅन, वरचं लेबल फाटलेलं. त्यानं इकडेतिकडे बघितलं, म्हणजे मला तसं वाटलं. चौथऱ्यामागं वाकला, कॅन उलटा केला, काहीतरी ओतलं, आणि कॅन तिथेच अडकवून निघून गेला. आमची टाकी तिथून चार पावलांवर होती.

मी उठून जाऊन बघितलं नाही. धावत घरी गेले आणि आबांना सांगितलं की आपल्या पाळीच्या दिवशी नानाला कॅनमधून ओतताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तोवर त्यांच्या संशयाला साक्षीदार नव्हता. आता पोटची पोर साक्षीदार मिळाली, तीही मोजमापाची नोकरी करणारी.

दुसऱ्या दिवशी आबांनी भावकीतली चार वडीलधारी माणसं बोलावली आणि नानाला निरोप धाडला. नाना आला, कट्ट्यावर न बसता उभाच राहिला. आबांनी विचारलं, त्यानं नाही म्हटलं. कॅनचं विचारलं, तर तो पंपात पाणी भरत होतो म्हणाला, आणि चौघांतला एकजण हसला. मग आबा म्हणाले की रविवारी पालीला चलायचं, खंडोबापुढं बेल-भंडारा उचलून सांगायचं.

हे शब्द निघाल्यावर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्याकडे बेल-भंडारा उचलणं म्हणजे तोंडची शपथ नव्हे. हातात देवाचा भंडारा घेऊन बोललेलं खोटं निघालं तर वंशाला लागतं असं धरतात. आणि खरं निघालं तरी एक पाळावं लागतं. ज्या वस्तूवरून भंडारा उचलायची वेळ आली, ती वस्तू उचलणाऱ्यानं पुन्हा शिवायची नाही. आमच्या आत्याच्या सासरी एका म्हशीवरून एकानं भंडारा उचलला होता, तो निर्दोष होता, पण त्यानं मरेपर्यंत त्या म्हशीचं दूध घेतलं नाही. भावाभावांत भंडारा मध्ये आला की दोन घरं संपली, असंच सगळे समजतात. नानानं चौघांकडे एकदा बघितलं आणि बरं म्हणून तो निघून गेला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

ते सगळं मंगळवारी झालं. बुधवारी काकी, नानाची बायको, रोजच्यासारखी आईशी बोलायला आली नाही. गुरुवारी आई विनाकारण माझ्यावर करवादली. मी माझ्या मनाशी घोकत होते की मी बघितलं तेच सांगितलं. पण घोकावं लागत होतं, यातच काय ते आलं.

शुक्रवारी आमची पाळी होती. मी मोटारीच्या पाण्यावर, ते पाण्याच्या हौदात पडतं तिथे, साबणानं हात धुवायला गेले. फेसच येईना. साबण नुसता फाटत होता, हातावर पांढरे कण राहत होते. तिकडं विहिरीच्या पलीकडच्या दगडावर आई धुणं धूत होती. ती आपली दोरीनं कळशी सोडून पाणी ओढते, मोटारीच्या पाण्याची तिला गोडी नाही. तिच्या दगडावरून फेसाचा ओघळ वाहत होता. मी जाऊन तिचा साबण बघितला. वडी एकच होती, अर्धी करून घेतलेली.

मी तिथेच उभी राहिले. मग आबांना जाऊन विचारलं, तपासायला पाणी कसं भरलं होतं. आबांना प्रश्नच आवडला नाही. कसं म्हणजे, चांगलं भरलं, म्हणाले. सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी, अंघोळ करून, पायातलं काढून, वरचा पालापाचोळा बाजूला सारून, देवाची घागर भरतात तसं अलगद वरचं निवळ पाणी घेतलं. तपासणीला द्यायचं म्हणून बाटलीही नवी घेतली होती. आपल्या विहिरीचं पाणी परक्या माणसापुढं जाणार, ते कसंतरी कसं द्यायचं? मुलगी दाखवायला नेताना जशी नेतात तशी त्यांनी ती विहीर दाखवायला नेली होती. मला तसं तीनदा नटवून बसवलेलं आहे, त्यामुळे मला ते लगेच कळलं.

शनिवारी नानाची पाळी होती, पण त्यानं मोटार लावली नाही. मी सरबताची जुनी काचेची बाटली घेतली, तिला दगड बांधला, तोंडाला बूच बसवलं आणि बुचाला वेगळी सुतळी. दोरीला दर दोन हातांवर गाठ मारली. बाटली हव्या त्या गाठीपर्यंत सोडायची, सुतळीला हिसका द्यायचा, बूच निघतं, बुडबुडे येतात, बाटली त्याच खोलीच्या पाण्यानं भरते. माझ्या पिशवीत पेनाएवढा क्षार मोजायचा मीटर कायम असतो. रजेवर येताना मी तो आणला होता आणि आठ दिवस बाहेर काढला नव्हता.

वरच्या गाठींना पाणी कोमट आणि गोड. आणखी खाली, तसंच. मग दोन गाठींच्या आत सगळं बदललं. पाणी एकदम गार झालं आणि मीटरचा आकडा उडी मारून वर गेला, आणि तिथून तळापर्यंत तो वरच राहिला. आखातात पडद्यावर मी रोज जी रेघ सरळ उतरून एकाएकी वळताना बघते, ती रेघ माझ्या बापाच्या विहिरीत होती. नानाचा पाइप त्या वळणाच्या वर संपत होता. आमची मोटार त्याच्या खाली, मी सांगितलेल्या बोअरच्या तोंडाशी बसून मचूळ पाणी ओढत होती आणि बागेला पाजत होती.

तो पांढरा कॅन चौथऱ्यामागं खिळ्याला अडकवलेला होता. तळाशी थोडं पाणी होतं, मी मीटर घालून बघितलं, ते गोड होतं. नानाच्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाला असलेली झडप, म्हणजे फुटव्हॉल्व्ह, गळत होती; पंपाचं बूच काढून बघितलं तर आत थेंब नव्हता. गळक्या व्हॉल्व्हमुळे पंपातलं पाणी उतरतं, मग दुसऱ्या दिवशी वीज आल्याबरोबर मोटार चालावी म्हणून आदल्या दिवशीच पंपात पाणी भरून ते टिकतंय का बघावं लागतं. तो म्हणाला होता ते अक्षरशः खरं होतं. इकडेतिकडे बघितलं ते मी माझ्या पदरचं घातलं होतं.

मी दोन पेले भरून आबांपुढं ठेवले, एक वरच्या पाण्याचा, एक तळाच्या. आबांनी आधी मीटरवर संशय घेतला, मग बाटलीवर, मग माझ्यावर. पेल्यात मी काही घातलं नाही ना, असं विचारलं. मी त्यांना विहिरीवर नेलं आणि त्यांच्याच हातानं दोरी सोडायला लावली. बाटली वर आली तेव्हा त्यांनी तिच्यातलं तळाचं पाणी तोंडात घेतलं. थुंकले नाहीत, गिळलं. मग दोरीच्या गाठी पुन्हा एकदा बोटांनी मोजल्या.

“खाली जायला कुणी सांगितलं हुतं?” ते हळूच म्हणाले.

“मी,” मी म्हटलं.

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते काठावर बसून राहिले. तिथून नानाचं घर शंभर पावलं. चुलीचा धूर दिसत होता. मी म्हटलं, आत्ताच जाऊन सांगूया. आबांनी मान हलवली. “चार माणसांत आळ घेतला, त्यो चार माणसांतच परत घ्यायला पायजे. सकाळी देवाम्होरं सांगतो त्येला.”

हे बोलणं मोठ्या माणसाचं होतं, आणि तरी मला शंका आली. आबांना माफी मागायला एक रात्र हवी होती. मला तर ती त्यांच्याहून जास्त हवी होती, कारण कॅनची गोष्ट माझी होती. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. शंभर पावलं आम्ही दोघंही चाललो नाही.

रविवारी सकाळी भावकीतल्या एकाच्या जीपमधून आम्ही निघालो. आबा, मी, भावकीतले चौघं. माझ्या मांडीवर दोन बाटल्या होत्या. नाना निघालाय का बघायला आबांनी माणूस धाडला होता, तर काकी म्हणाली की ते कधीच गेले, पहिल्या एसटीनं. आबा म्हणाले, बरं झालं, तिथंच भेटू. कराडात नदीवरून जाताना खाली मला पाणी दिसलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, नानाला पहिलं वाक्य काय म्हणायचं.

पालीला उतरलो. ऊन अजून कोवळं होतं. आम्ही देवळाकडं चढत होतो आणि नाना उतरत होता. पायात चपला घातलेल्या, खांद्यावर टॉवेल, आणि कपाळ भंडाऱ्यानं पिवळंजर्द. आबा जागच्या जागी थांबले. नाना दोन पायऱ्या वर होता, तो खाली आला आणि आबांच्या पातळीला उभा राहिला.

“दादा, उचलला मी,” तो म्हणाला. “चार माणसांत तुमाला शपथ मागायची येळ येऊ नये, म्हणून आधीच येऊन उरकलं.”

चौघं चपलांकडे बघायला लागले. मग मीच बोलले. बाटल्या पुढं धरल्या आणि सगळं सांगितलं, वरचं पाणी, खालचं पाणी, बोअर, फुटव्हॉल्व्ह, कॅन. पाळतीवर बसले होते हेही सांगितलं. बोअर मारायचा सल्ला माझा होता आणि तुझं आम्ही ऐकलं नाही, हेही. नानानं दोन्ही बाटल्या घेतल्या, उन्हात धरून बघितल्या. बघायला दोन्हींतलं पाणी सारखंच होतं.

“पोरी, तुला शिकून कळलं,” तो म्हणाला. “आमच्या बापाला चाखून कळलं हुतं.”

त्यात टोमणा होता का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. माझा स्वभाव बघता मी तो धरायला हवा होता. पण त्यानं बाटल्या परत देताना माझा हात धरला आणि थोडा वेळ सोडला नाही, म्हणून मी तो धरत नाही.

मग तो आबांकडे वळला. “दादा, मोटार वर घ्या. माझ्या पाइपाच्या बरूबर आणा. वरचं पाणी गोड हाय, बाग सुधारंल.” थोडा थांबून म्हणाला, “आन माझी पाळी बी तुमीच घ्या आता. भंडारा उचलल्यालं पाणी मला चालायचं न्हाई.”

आबांनी त्याचा दंड धरला. आळ खोटा होता, माझा होता, देवाला मी सांगतो, असं काहीबाही बोलत राहिले. ते मी आबांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. नाना ऐकून घेत होता. शेवटी तो एवढंच म्हणाला की देवाला आत्ताच एक सांगून आलोय, तासाभरात दुसरं कसं सांगू. मग आम्ही वर गेलो, आणि तो एसटी धरायला खाली गेला. गाडीत जागा होती. तो बसला नाही.

आम्ही आदल्या संध्याकाळी शंभर पावलं चाललो असतो, तर हे झालं नसतं. यात शंका घ्यायला मला कुठे जागाच सापडत नाही.

पुढचं थोडंच आहे. आबांनी त्याच आठवड्यात मोटार वर घेतली आणि बोअरचं तोंड बंद करून टाकलं. पाऊस झाला, जमिनीतलं मीठ थोडं धुऊन गेलं, आणि पुढच्या फुटीला आमची पानं धड निघाली. नानानं आपला पंप चौथऱ्यावरून काढला. तो आता कालव्याच्या पाण्यावर बाग करतो. ते पाणी येतं तेव्हा येतं, आणि नाही येत तेव्हा तो टँकर आणतो. बांधावर भेटलं की तो बोलतो, हसतोही. काकी आईकडे पुन्हा यायला लागली आहे. फक्त शेतावर तहान लागली तरी नाना त्या विहिरीकडे जात नाही, घरून बाटली आणतो.

मी जहाजावर परत आले आणि खूप दिवस मला माझ्या कामाचा राग येत होता. आखाताच्या तोंडात किती खोलीवर कुठलं पाणी कुठे चाललंय हे मी झोपेत सांगेन. आणि घरी बादलीवरून माणूस ओळखला. आता मी बाटलीवर संशय घेते तेव्हा आधी स्वतःला विचारते, तू जाऊन बघितलंस का. हे बदलणं उशिराचं आहे आणि नानाच्या उपयोगाचं नाही.

जहाजावर रेंज मिळाली की घरी फोन करते. आबांचा आवाज आला की मागं मोटारीचा आवाज येतोय का, ते मी कान देऊन ऐकते. विहीर आता पूर्ण आमची आहे, रोज पाणी काढलं तरी कुणी काही म्हणणार नाही, आणि भर उन्हाळ्यात बागेला ते हवंच असतं. तरी दिवसाआड मागं सगळं शांत असतं. गेल्या वेळी न राहवून मी विचारलं की वीज नाही का, मोटार का बंद आहे.

“वीज हाय,” आबा म्हणाले. “आज नानाची पाळी हाय.”